बरीच वर्षं उभी असलेली गाडी घरी करताना: आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभी आहे, उभी केली तेव्हा चांगली चालत होती, आता तुम्ही दोघं भाऊ मिळून ती घरीच दुरुस्त करणार आहात. बेत असा की नवी बॅटरी लावायची, टाकीत ताजं पेट्रोल ओतायचं, सेल्फ मारायचा, आणि इंजिन लागलं की मग अख्खी गाडी खोलून एकेक नटबोल्ट साफ करून परत जोडायची.

सेल्फ मारू नका, आणि अख्खी खोलूही नका. बाकी हौस अगदी बरोबर आहे.

कारण सांगतो. चालती गाडी उभी केली म्हणजे तिच्या क्रँकची, बेअरिंगची, गिअरबॉक्सची झीज तेव्हा होती साधारण तेवढीच आहे, उभं राहून ती वाढत नाही. उभं राहून बिघडतं ते वेगळंच. रबर कडक होतं, पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि पत्रा आतून कुजत राहतो. म्हणजे काम कुठे निघणार हे बरंचसं आधीच माहितीये, मग चांगला असलेला गिअरबॉक्स उघडायचा कशाला? आणि अख्खी खोलण्याचं म्हणाल तर खोलायला दोन-चार रविवार पुरतात, जोडायला वर्षं जातात, मधे कुणाची नोकरी बदलते, कुणाचं लग्न होतं आणि शेवटी खोक्यांत भरलेली गाडी भंगारच्या भावात जाते. अशा खोक्यातल्या गाड्या माझ्याकडे येत असतात, आणि दर वेळी काहीतरी नसतंच, बरं ते इंजिनही नसतं, स्पीडोमीटर केबलची क्लिप नाहीतर दाराच्या हँडलची स्प्रिंग असलं काहीतरी जे शोधून सापडत नाही.

म्हणून एका वेळी एकच सिस्टीम उघडा, ती पूर्ण करा, मग पुढची. गाडी शक्यतो स्वतःच्या चाकांवर ढकलता येईल अशीच राहू द्या. पार्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, जवळून एक आणि लांबून एक, कारण नुसत्या जवळच्या फोटोत नंतर कळत नाही की ही वायर कुठून आली होती. आणि पार्ट निघाला की त्याचे बोल्ट लगेच त्याच भोकात हाताने दोन-तीन आटे लावून ठेवा, पिशव्या आणि लेबलं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गाडीखाली जायचं असेल तर जॅक फक्त उचलण्यासाठी असतो हे डोक्यात पक्कं ठेवा. उचलली की खाली स्टँड लावायचे, सपाट कडक जमिनीवर, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक नाही, ते वाकत नाहीत, आधी काही न सांगता फुटतात. स्टँड लावल्यावर गाडी खांद्याने हलवून बघा, हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

आता पहिलं काम पत्रा बघणे. इंजिन नाही, पत्रा, कारण ही गाडी घरी होण्यासारखी आहे की नाही ते पत्रा ठरवतो. इंजिन कितीही गेलं तरी बाहेर काढून मशीनशॉपला देता येतं, पण जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, ती कुजली तर स्प्रिंग आणि सस्पेन्शन कशाला धरून राहणार? जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दारांच्या खालचा जो लांब पेटीसारखा भाग असतो, सिल म्हणतात त्याला, तिथे खालून ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो, आणि बद्द आला की टोक दाबा. आत गेलं तर गेलं, घाबरायचं नाही, ते भोक तुम्ही पाडलेलं नाही, रंगाने झाकलेलं होतं. तसंच जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगची टोकं बसतात तिथला भाग, कार्पेटखालचा फ्लोअर, बॅटरीचा ट्रे (ॲसिडमुळे इथे हमखास), डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असली तर दाराचा तळ गेलाच समजा. बाहेरून रंग चकचकीत असला तर एक चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे धरत नाही किंवा कमी धरतो तिथे खाली लांबी (पत्र्यातले खळगे भरायची पुट्टी) भरलेली आहे. लांबी भरणं हा गुन्हा नाही, पण ती दोन-तीन मिलिमीटरच्या थरासाठी असते, भोक बुजवायला नाही.

फ्लोअरला हाताएवढं भोक म्हणजे काळजीचं नाही, पत्रा कापून नवा वेल्ड होतो. सिल पूर्ण गेलेली असेल तर मात्र ते काम वेल्डरला द्या, निदान पहिल्यांदा तरी. आणि तो कापायच्या आधी दारं बसवलेली असताना दारांच्या फटी वरून-खालून मोजून लिहून ठेवा आणि दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी टाचून घ्यायला सांगा. सिल कापली की गाडी मधे किंचित बसते, डोळ्याला दिसत नाही, आणि तशीच नवी सिल वेल्ड केली की ती वाकडी कायमची, दार नंतर कधीच नीट लागत नाही. पातळ पत्र्याला सलग वेल्ड ओढायचं नसतं, लांब लांब टाके घालत जायचं आणि गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटा मारतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची आणि जवळपास काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवायचीच. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. टाकीला स्वतः वेल्ड वगैरे अजिबात नको.

पत्रा ठीक निघाला की ब्रेक. लोक इथे इंजिनकडे पळतात, मला कळतं, आवाज ऐकायचा असतो. पण एकदा इंजिन लागलं की धीर राहत नाही, "जरा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ" होतंच, आणि मग ब्रेकचं आठवतं. म्हणून आधी थांबायची सोय.

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो, त्याच्या डबीचं झाकण उघडा. ताजं ब्रेक ऑइल जवळपास पाण्याच्या रंगाचं किंवा फिकट पिवळं असतं, तुमच्याकडे बहुतेक काळ्या चहासारखं असेल आणि तळाला चिखल. नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार, डबीवर लिहिलेले असतात) ग्लायकॉलचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलं की त्याच ऑइलचा उकळबिंदू १५५ पर्यंत उतरतो, म्हणजे उतारावर ब्रेक तापले की पाइपात वाफ आणि पेडल थेट खाली. शिवाय तेच पाणी आतून सिलिंडरला गंज आणतं. तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, चारही व्हील सिलिंडर (चाकाजवळचे, ब्रेकचे शू दाबणारे) उघडून बघावे लागतील. रबरी कप नवे टाकायचेच. बोअरमध्ये बोट फिरवा, नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा, घासून गुळगुळीत करत बसू नका. चाकांकडे जाणारे रबरी होजपाइप बाहेरून कितीही छान दिसले तरी बदला, ते आतून फुगून बंद होतात, मग पेडल सोडलं तरी एक चाक धरूनच राहतं आणि माणूस बिचारा शू उघडून उघडून थकतो.

इथे एक सवय सोडायची. आपण सगळं रॉकेल-पेट्रोलने धुतो, ब्रेकचे रबर असलेले पार्ट तसे धुवायचे नाहीत, ते रबर फुगतं. ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवा आणि जोडताना ब्रेक ऑइलच लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते ग्लायकॉलवाल्यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे, नंबर बघून गोंधळू नका. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतं ते.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरने उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच बसतं. पाणी मारून ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेक झाले. आता इंजिन, पण हाताने.

सगळे प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला टाकून क्रँकच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावा आणि हळू फिरवा. फिरलं तर सोन्याहून पिवळं, दोन पूर्ण फेरे द्या, कुठे अडकतंय का बघा. नाही फिरलं तर जोर लावू नका, पान्याला पाइप लावून लटकायचं तर नाहीच. ॲटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं ढवळून भोकात टाका (ॲसिटोन भुर्रकन पेटतं, आसपास विडी-सिगारेट नको) आणि रोज येताजाता पान्याला थोडं पुढे थोडं मागे दाबत राहा. बहुतेक वेळा एखाद्याच सिलिंडरची रिंग गंजून धरलेली असते आणि ती एक दिवस केसभर हलते. केसभर हलली की जिंकलात, आता घाई करू नका, केसभर पुढे केसभर मागे असंच वाढवत न्या. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, त्याने रिंग तुटते नाहीतर पिस्टनची कड जाते. हेच जर पहिल्या दिवशी नवी बॅटरी लावून सेल्फ मारला असतात तर कोरड्या गंजलेल्या भिंतीवर रिंगा घासल्या असत्या, म्हणून तो नकार होता.

इंजिन हाताने मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढा. खाली दुधाळ चिकट काही निघालं तर ऑइलमध्ये पाणी आहे, हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काम, तिथेच थांबून ते आधी बघायचं. स्वच्छ असेल तर नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत, सलग नाही, थांबत थांबत. कॉइलची वायर सोडून ठेवा. याच वेळी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) गेज लावून बघून घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. गार इंजिनवर आकडे कमीच येतात, आकड्याकडे फार बघू नका, सिलिंडरांचे एकमेकांशी जुळतायत का ते बघा. एखादा खूप कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इतक्या वर्षांनी व्हॉल्व्ह जरा चिकटलेले असतात, थोडं चालल्यावर सुटतात पुष्कळदा, लगेच हेड उतरवू नका.

पेट्रोल. टाकीतलं जुनं सगळं काढा, त्याचा वास पेट्रोलचा राहिलेला नसतो, जुन्या व्हार्निशसारखा येतो. टाकी उतरवून आत टॉर्च मारा (बॅटरीचा, काडी नाही, हसू नका, केलेले लोक आहेत). गंज असेल तर साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर कार्बोरेटर तुम्ही दर आठवड्याला उघडत बसाल. रबरी पाइप सगळे नवे, आणि इथेनॉल चालणारे घ्या कारण आताच्या पेट्रोलमध्ये ते असतं आणि जुन्या जातीचं रबर त्याने मऊ पडून चिरतं. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकाची पितळी नळी) काढा, उजेडात धरून आरपार बघा, हवेने साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल का पिते ते कुणालाच कळत नाही.

शिशाबद्दल पण विचारलंय. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्ह सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेला) आपसूक थर द्यायचं. ते जगभरातून गेलं, शेवटी राहिलेल्या अल्जेरियानेही २०२१ मध्ये बंद केलं. जुन्या मऊ सीटच्या इंजिनात त्यामुळे सीट हळूहळू आत जाते, पण ते हायवेला सतत जोरात पळवलं तर. रविवारी फिरवायच्या गाडीला आत्ता त्यासाठी हेड उतरवू नका, टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली बारीक फट) अधूनमधून तपासा, ते एकसारखं कमी होत चाललं तर कडक सीट बसवून घ्या.

ठिणगीचं सोपं आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर (उघडझाप करून ठिणगी पाडणारा संपर्क) पांढुरका थर आलेला असतो, त्यानेच बऱ्याच गाड्या लागत नाहीत. बारीक कानशीने किंवा बारीक पॉलिश पेपरने दोन हात मारा, स्पिरिटने पुसा, कॅम पॉइंटला पूर्ण उघडेल असा इंजिन फिरवून थांबा आणि फिलर गेजने गॅप लावा. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा. पाती गॅपमधून हलकी घासून जायला हवी, ओढावी लागली तर कमी आहे, खुळखुळली तर जास्त. गॅप आधी, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) नंतर, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं, उलट करत बसलात तर दिवस जाईल. बॅटरी लावायच्या आधी गाडी निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) आहे ना ते मात्र बघा, १९६०च्या दशकापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या.

जाम बोल्टांबद्दल वेगळं लिहितो कारण घरी काम करणारा माणूस इथेच हरतो. पहिलं म्हणजे पाना बरोबर मापाचा हवा. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा, त्यावर तेराचा पाना "बसतो", आणि जोर लावला की कोपरे गोल. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा, बारा कोनांची नाही. आधी ब्रशने आट्यांवरची माती काढा, मग गंज सोडवणारं ऑइल मारा, आणि ते रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर सरळ हातोडीचे टोले, जोरात नाही, खणखणीत, त्याने गंजाची पकड मोडते. मग पहिला झटका टाइट करायच्या बाजूने द्या, किंचित. हलला की सोडवा, अडला की परत टाइट, परत ऑइल. बोल्ट सुटताना कचकच आवाज करत घट्ट सुटतो, आणि तुटायच्या आधी एकदम लोण्यासारखा मऊ फिरायला लागतो, तो मऊपणा हाताला लागला की ताबडतोब थांबा. उष्णता सगळ्यात कामाची, पण तापवायचा तो नट किंवा बाहेरचं लोखंड, बोल्ट नाही, आणि जवळ पेट्रोल पाइप, रबरी बुश, ब्रेक क्लीनर यातलं काही नको. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तापला की विषारी फॉस्जीन वायू होतो, ही भीती घालायला सांगत नाहीये.

वायरिंगला लोक उगीच घाबरतात. जुन्या गाडीची निम्म्याहून जास्त वायरिंगची दुखणी अर्थिंगची असतात. दिवे मंद, इंडिकेटर मारला की पार्किंग लाइट मिचकावतात, असलं काही दिसलं की आधी अर्थचा बोल्ट काढून त्याखालचा पत्रा चकचकीत घासा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या बॉडीला लावा, दिवा चालू ठेवून. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब. पण वायरवरचं आवरण वाकवल्यावर तडकून पडत असेल तर जोड देत बसू नका, ती अख्खी वायरिंग बदला, आणि जास्तीचे फ्यूज घाला, जुन्या गाड्यांना ते संख्येने फार कमी असतात.

पाण्याचे होजपाइप आणि फॅनबेल्ट नवे, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, काढून फेकून देऊ नका. कुलंट सांडलं तर धुऊन टाका, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. टायरला नक्षी भरपूर असेल, त्यावर जाऊ नका, बाजूच्या भिंतीवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे बघा, २३१२ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २०००च्या आधीचा आहे, तो फक्त गाडी ढकलायला.

सुट्या छोट्या पार्टांचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस छान, प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, पार्ट चार्जरच्या निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून मोकळ्या हवेत. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट यात बुडवू नका, ठिसूळ होतात.

रंगाचं शेवटी, आणि त्यातही तुमच्या हातात तयारी आहे, रंग नाही. घासणं, लांबी, प्राइमर हे घरी करा, वेळ तुमच्याकडे आहे आणि पेंटर कधीच इतका वेळ देणार नाही. पण हार्डनर घालून मारायचा टू-के रंग शेडमध्ये मारू नका, त्यात आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने ते अडत नाही, एकदा त्याची ॲलर्जी बसली की आयुष्यभर दमा. ते बूथमध्ये होऊ दे. नुसत्या प्राइमरवर गाडी महिनोन्महिने ठेवू नका मात्र, बहुतेक प्राइमर ओलावा आत जाऊ देतात आणि खाली गंज परत सुरू.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा आधी उभ्या गाडीचं पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा, खाली सरकत गेलं तर गाडी परत आत. मग चालत्या माणसाच्या वेगाने, हँडब्रेकसकट तपासून, दूर जायचं नाही. परत आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते धरतंय. पन्नासेक किलोमीटर झाले की चाकांचे नट परत टाइट करा, टॅपेट तपासा, आणि नुकतंच टाकलेलं इंजिन ऑइल नवं दिसत असलं तरी काढून टाका, वर्षानुवर्षं आत साठलेला चिखल या पहिल्या ऑइलबरोबरच सुटून येतो.